एकट्याची शिल्लक



ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, त्याच १८७५ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी वडाच्या झाडांखाली उभे राहून शेअरांचे सौदे करणाऱ्या दलालांनी आपली रीतसर संघटना बांधली. तोच आजचा मुंबईचा शेअरबाजार. दीडशे वर्षे उलटली, दोन्ही परंपरा चालू आहेत. पण त्यांचे एकमेकींकडे जाणे-येणे फारसे नाही. देशाच्या दारिद्र्यावर, शेतीवर, उद्योगांवर आपण व्याख्याने ऐकतो; माणसाच्या खिशातल्या चार पैशांचे काय करावे, हा विषय मात्र आपणांस व्यासपीठाला न शोभणारा वाटतो. संयोजकांनी तो आज मुद्दाम ठेविला आणि आमच्यावर सोपविला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

विषयातही एक नेमकेपणा आहे. प्रश्न कुटुंबाच्या शिल्लकेचा नाही. एकट्या, अविवाहित, नुकत्याच कमावू लागलेल्या तरुण-तरुणींच्या शिल्लकेचा आहे. हा माणूस आपल्या समाजात तसा नवा आहे. पूर्वी मुलगा मिळवता झाला की पगार वडिलांच्या हाती ठेवी, आणि मुलगी मिळवती होण्याचा प्रश्नच फारसा येत नसे. आज सातारा, लातूर, जळगाव येथून निघालेली चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी पुण्यात वा बंगळूरास भाड्याच्या खोलीत राहते, आणि महिन्याच्या अखेरीस पगार तिच्या स्वतःच्या खात्यात पडतो. दोन दिवसांत सल्ले येऊ लागतात. मामा म्हणतात, विमा काढ. आई म्हणते, थोडे सोने घे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी भ्रमणध्वनी पुढे करून दाखवितो की, त्याने कालच्या एका दिवसात चार हजार मिळविले. ही सगळी मंडळी हितचिंतकच असतात. पण प्रत्येक जण उत्तर देतो आहे, आणि मुळात प्रश्न काय होता ते कोणी विचारीत नाही.

बहुतेकांच्या मनातला प्रश्न असतो, ‘सर्वांत जास्त व्याज कोठे मिळेल?’ आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पहिला प्रश्न हा की, ‘हा पैसा मला कधी लागणार?’ याचे उत्तर मिळाले की, कोठे ठेवावा याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते. आणि हे उत्तर चुकले म्हणजे काय होते, याचा धडा मुंबईने वरील संघटना स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधीच घेतला होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. नाना प्रकारच्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. लोकांनी कर्जे काढून शेअर घेतले, आणि कर्जाची फेड ठराविक तारखेस होती. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कोसळले, आणि तारखा मात्र जागच्या जागी राहिल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यात सापडला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. त्यांचे सारेच शेअर निकामी होते असे नाही. उद्या परत द्यावयाचा पैसा, वीस वर्षे थांबावे लागेल अशा जागी त्यांनी घातला होता, येथे घात झाला.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो की, आपल्या शिल्लकेचे मुदतीप्रमाणे भाग पाडा.

पहिला भाग आडवेळेचा. संस्थानिकांच्या खजिन्यात गंगाजळी म्हणून रक्कम राखून ठेविलेली असे; लढाई वा दुष्काळ पडल्यावाचून तिला हात लावावयाचा नाही. एकट्या माणसाला ही गंगाजळी संसारी माणसापेक्षाही अधिक लागते. नवरा-बायको दोघे मिळविते असले तर एकाची नोकरी गेली तरी दुसऱ्याच्या पगारावर चूल पेटते. एकट्याची नोकरी गेली की उत्पन्न निम्मे होत नाही, ते शून्य होते. खोलीचे भाडे मात्र चुकत नाही. तेव्हा सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम प्रथम उभी राहिली पाहिजे, आणि ती उभी राहीपर्यंत बाकीचे सर्व बेत थांबले पाहिजेत. तिच्यावर किती व्याज मिळते ही चिंता करू नये. बचत खात्यात थोडी आणि हवी तेव्हा मोडता येईल अशा मुदत ठेवीत उरलेली, एवढे पुरे.

याला एकच अपवाद आहे, तो कर्जाचा. क्रेडिट कार्डाची बाकी थकली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढते, म्हणजे वर्षाकाठी चाळीसच्या घरात. अशी बाकी डोक्यावर ठेवून सात टक्क्यांची ठेव करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे आहे. ती बाकी फेडणे हीच पहिली गुंतवणूक. एवढा खात्रीचा नफा दुसरा कोणताही बाजार देणार नाही.

गंगाजळी कोठे ठेवावी, याचाही विचार केला पाहिजे. बँकेत ठेविले म्हणजे झाले, असे आपण समजतो. १९६० साली केरळातील पालाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्या हादऱ्यातून १९६२ साली ठेवींच्या विम्याची योजना सुरू झाली. तेव्हा संरक्षण होते दीड हजार रुपयांचे. १९९३ साली ते एक लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. एका माणसाच्या एका बँकेतील सर्व ठेवी मिळून, व्याजासह, ही मर्यादा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढता येत होते. पुढे मर्यादा वाढत गेली, २०२२ च्या आरंभी ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण ज्याच्या घरी त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया होती त्याला ‘पुढे’ या शब्दाचा काय उपयोग? तेव्हा गंगाजळी दोन बँकांत असावी, आणि अर्धा टक्का अधिक व्याजासाठी ज्या संस्थेच्या ठेवींना विमाच नाही, अशा ठिकाणी ती नेऊ नये. पतसंस्था, भिशी यांच्याशी आपले स्नेहाचे नाते असेल. पण तेथील पैशाला हे संरक्षण नाही, हे लक्षात ठेविले पाहिजे.

गंगाजळीच्या जोडीला आजारपणाचा विमा हवा. नोकरीवर मिळणारा विमा नोकरीबरोबर जातो. आणि तरुण, निरोगी वयात स्वतःचा घेतला तर हप्ता हलका पडतो. आयुर्विम्याचे मात्र वेगळे आहे. आपण गेल्यावर कोणाचे अन्न बंद पडणार, हा त्याचा प्रश्न. आईवडील आपल्या पगारावर अवलंबून असतील तर साधा मुदतीचा विमा, ज्यात जिवंत राहिल्यास काही परत मिळत नाही असा, अवश्य घ्यावा. तो स्वस्तात मोठे संरक्षण देतो. कोणी अवलंबून नसेल तर तूर्त गरज नाही. विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या ज्या पॉलिसी मार्च महिन्यात घाईने गळ्यात पडतात, त्यांत संरक्षण अपुरे, आणि परतावा बहुधा पाच-सहा टक्क्यांपलीकडे जात नाही. ‘कर वाचेल’ हे त्यासाठी दिले जाणारे कारणही आता दुबळे झाले आहे. २०२३-२४ सालापासून जी नवी करपद्धती आपोआप लागू होते, तिच्यात या हप्त्यांवर सवलतच नाही.

दुसरा भाग, दोन ते पाच वर्षांत लागणाऱ्या पैशाचा. पुढचे शिक्षण, घरातले लग्न, गावाकडच्या घराची दुरुस्ती, अशी कामे ज्यांची तारीख अंदाजाने ठाऊक असते. या पैशाला बँकेची वा टपालखात्याची आवर्त ठेव, मुदत ठेव, राष्ट्रीय बचत पत्र हीच योग्य घरे. टपालखात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे. ती कोणाला श्रीमंत करीत नाही, पण झोपही उडवीत नाही. या मुदतीच्या पैशाला अधिक काही मागू नये.

तिसरा भाग हा तरुण माणसाचा खरा ठेवा. पंधरा, वीस, तीस वर्षे जो लागणार नाही तो पैसा. येथे मात्र नुसत्या सुरक्षिततेने भागत नाही. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत रुपयाची ताकद निम्मी होते. बचत खात्यावर अडीच-तीन टक्के मिळत असतील, तर शिल्लक पासबुकात वाढताना दिसते आणि बाजारात आटत जाते.

या भागाचा पाया नोकरदाराला आयताच मिळालेला असतो, तो प्रॉव्हिडंट फंडाचा. १९५२ च्या कायद्याने आलेली ही योजना. मूळ पगाराच्या बारा टक्के आपले, आणि मालकाचेही तितकेच, त्यातील काही भाग निवृत्तिवेतनाकडे जातो. २०२४-२५ सालासाठी तिच्यावर ८.२५ टक्के व्याज होते. तरुण मंडळी नोकरी बदलली की ही रक्कम काढून घेतात आणि तिची दुचाकी होते. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, ती काढू नका. नव्या नोकरीच्या खात्यात वर्ग करा. त्याच्या जोडीला १९६८ च्या कायद्याने सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आहे. पंधरा वर्षांची मुदत, वर्षास कमीत कमी पाचशे आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये. त्याचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के ठरला आणि २०२५ संपेपर्यंत तोच राहिला. या दराने आज ठेविलेले दहा हजार पंधरा वर्षांत जवळजवळ अठ्ठावीस हजार होतात, आणि त्या व्याजावर कर नाही.

आता शेअरांचा प्रश्न. मराठी घरात या शब्दाबरोबर अजूनही १९९२ चा घोटाळा आठवतो, आणि वडीलमाणसे कपाळाला हात लावतात. ही भीती निराधार नाही. जानेवारी २००८ मध्ये मुंबईचा निर्देशांक एकवीस हजारांच्या घरात होता. मार्च २००९ मध्ये तो सव्वाआठ हजारांच्याही खाली बंद झाला. शंभराचे चाळीस झाले. जुनी पातळी कायमची मागे पडावयास २०१४ साल उजाडावे लागले. ज्याने बहिणीच्या लग्नाचे पैसे २००८ च्या जानेवारीत तेथे ठेविले असतील, त्याचे काय झाले असेल याची कल्पना करा. पण याच काळात ज्याला पंचवीस वर्षे पैसा नको होता, आणि जो दरमहा ठराविक रक्कम घालीत राहिला, त्याला पडत्या भावात अधिक शेअर मिळत गेले. बाजार सावरल्यावर तेच त्याच्या कामी आले. बाजार तोच, पडझड तीच. एकाला ती काळ ठरली आणि दुसऱ्याला सुगी. फरक मुदतीचा होता. मार्च २०२० मध्ये पुन्हा तसेच झाले. २३ मार्चला एकाच दिवसात निर्देशांक तेरा टक्क्यांनी खाली आला. घाबरून विकणाऱ्यांचा तोटा कायमचा झाला, थांबणाऱ्यांचा त्याच वर्षी भरून निघाला.

तथापि कोणत्या कंपनीचा शेअर घ्यावा हे दिवसभर नोकरी करणाऱ्याने कसे ठरवावे? ठरवू नये, हे आमचे उत्तर. निर्देशांकात ज्या तीस वा पन्नास मोठ्या कंपन्या असतात त्या सर्वांचे थोडे थोडे भाग एकदम घेणारे फंड असतात. त्यांना इंडेक्स फंड म्हणतात. अमेरिकेत १९७६ साली जॉन बोगल यांनी सामान्य लोकांसाठी असा पहिला फंड काढला. त्यांचा मुद्दा सरळ होता की, बाजाराला हरविण्याच्या खटाटोपात खर्च फार होतो, आणि तो खर्च गुंतवणूकदाराच्या ताटातून जातो. हा खर्च किती मोठा असतो ते पाहा. एक लाख रुपये तीस वर्षे दहा टक्क्यांनी वाढले तर सुमारे साडेसतरा लाख होतात. नऊ टक्क्यांनी वाढले तर सव्वातेरा लाखांच्या आसपास. एका टक्क्यात चार लाख रुपये गेले! म्हणून फंड घेताना त्याचा खर्च पाहावा, आणि जानेवारी २०१३ पासून आपल्याकडे मध्यस्थाच्या दलालीवाचून थेट घेण्याची जी सोय झाली आहे तिचा लाभ घ्यावा. दहा टक्के मिळतीलच असे आम्ही म्हणत नाही. तसे लेखी आश्वासन देणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

भ्रमणध्वनीवर दिवसाला चार हजार मिळविणाऱ्या त्या सहकाऱ्याबद्दलही दोन शब्द. तो बहुधा फ्यूचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे करीत असतो. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, मार्च २०२२ ते मार्च २०२४ अखेरच्या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णवांनी पैसे गमावले, आणि त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर गेला. हे त्र्याण्णव जण टेबलाशी येऊन काही दाखवीत नाहीत.

सोन्याविषयी इतकेच की, दागिना हा दागिना म्हणून हौसेने घ्यावा. घडणावळ दिली, मोडताना तूट सोसली, की गुंतवणूक म्हणून त्याचा हिशेब पहिल्या दिवसापासूनच मागे पडतो.

आता हे सर्व एका पगारात बसवून पाहू. समजा, हाती चाळीस हजार येतात. खोली व वीज नऊ हजार, जेवण सात हजार, जाणे-येणे व किरकोळ पाच हजार, घरी पाठवावयाचे पाच हजार. खर्च सव्वीस, शिल्लक चौदा. सहा महिन्यांची गंगाजळी म्हणजे एक लाख छपन्न हजार. ती उभी राहावयास सुमारे अकरा महिने लागतील. ते एक वर्ष कंटाळवाणे जाईल. काही ‘संधी’ हुकल्यासारख्या वाटतील. जाऊ द्या. बाराव्या महिन्यापासून हजार रुपये आजारपणाच्या विम्यासाठी, पाच हजार पुढील शिक्षणाच्या आवर्त ठेवीत, तीन हजार भविष्य निर्वाह निधीत आणि पाच हजार इंडेक्स फंडात. पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे आपोआप वळते होईल अशी व्यवस्था करावी. कारण महिनाअखेर उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे महिनाअखेर काही उरत नाही. ज्याच्या हाती बावीस हजारच येतात त्याचे आकडे लहान होतील, गंगाजळीला दोन वर्षे लागतील. पण भागांचा क्रम बदलणार नाही.

श्रोतेहो, येथपर्यंत आम्ही मुदतीविषयी बोललो. पण एकट्या माणसाच्या पैशाला दुसराही एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो नाजूक आहे. हा पैसा कोणाचा आहे?

आपल्याकडे अविवाहित माणूस म्हणजे अजून सुरुवात न झालेला माणूस, अशी समजूत आहे. त्यामुळे त्याचा पैसाही कोणाचाच नसतो. ‘तुला काय खर्च आहे?’ असे म्हणून तो मागितला जातो. मित्राच्या कर्जाला जामीन राहावयास सांगतात, आणि मित्र चुकला की बँक जामिनाच्या दारी येते, हे सही घेताना कोणी सांगत नाही. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळ घरांत खाते तिचे आणि पासवर्ड वडिलांकडे, असा प्रकार असतो. मुलगी तीन-चार वर्षे उत्तम कमावते, आणि आपली शिल्लक किती, कोणत्या बँकेत, हे तिला सांगता येत नाही. ‘लग्नात तुझ्यासाठीच खर्चू’ म्हणतात. त्यात कपट नसते, प्रेमच असते. पण एका मांडवाच्या तीन दिवसांत तिची गंगाजळी आटते, आणि त्यानंतर ती ज्या घरी जाते तेथे मोकळ्या हाताने जाते.

आईवडिलांना देऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. वरच्या हिशेबात पाच हजार आम्ही आधी काढून ठेविले, शिलकेनंतर नव्हे. वडिलांचे आजारपण निघाले तर गंगाजळी तेथेच जाईल आणि जावी. पण देणे वेगळे, आणि आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक नसणे वेगळे. खाते आपल्या नावावर, त्याची किल्ली आपल्याजवळ, आणि देताना आपण दिले याची जाणीव, इतके तरी प्रत्येक मिळवत्या व्यक्तीला असलेच पाहिजे.

यासोबत नॉमिनीची नोंदही तपासावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यावर चार नावे लावता येतात. प्रॉव्हिडंट फंडात मात्र लग्नापूर्वी केलेली नोंद लग्नानंतर रद्द समजली जाते, ती नव्याने करावी लागते. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हे स्पष्ट केले आहे. रक्कम त्याच्या हाती पडते, हक्क वारसांचा राहतो. आपल्या मनात काही निराळे असेल तर एका कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, मृत्युपत्र करावे. त्याला म्हातारपणाची वाट पाहावी लागत नाही.

कोणी विचारील की, इतका खटाटोप कशासाठी? तीस वर्षांनी काही लाख अधिक मिळावे म्हणून? तेवढ्यासाठीच नव्हे. ज्या मुलाच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च आहे तो अपमान करणाऱ्या वरिष्ठापुढे मान खाली घालीत नाही. ज्या मुलीच्या नावावर स्वतःची शिल्लक आहे तिला पटत नसलेल्या स्थळाला, ‘मला थोडा विचार करू द्या,’ असे म्हणता येते, आणि घरातली माणसेही ते ऐकतात. विचार करावयास वेळ मिळणे ही गरिबाला न परवडणारी चैन आहे. ती आपल्या कमाईतून आपल्याला मिळवून देणे, हे बचतीचे पहिले काम. व्याज त्याच्या मागून येते.

तेव्हा येथे जमलेल्या तरुण मंडळींना आमची एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर एक कागद घ्यावा, आपली प्रत्येक ठेव त्यावर लिहावी, आणि तिच्यापुढे दोन रकाने आखावेत. ही कधी लागणार, आणि ही कोणाच्या नावावर आहे. जेथे रकाना रिकामा राहील तेथून कामाला आरंभ करावा. आणि वडीलमंडळींना विनंती की, मुलांचा तो कागद मागू नये. हवा असेल तर तो आखावयास मदत करावी.